स्टीलच्या डब्यातली भाकरी

ऑक्टोबरचा महिना, सोयाबीनच्या राशी चालू, त्यामुळे कॉलेजात निम्मी पोरं गैरहजर. मी लॅबमध्ये प्लेटा वाचत बसले होते, म्हणजे जंतूंच्या थरात जिथं जिथं गोल साफ जागा पडलीय ती पट्टीने मोजत होते. तेवढ्यात आमचे शिपाईमामा आले, म्हणले मॅडम, गेवराईकडचे एक काका आलेत, कॅन्सरचं औषध करणाऱ्या मॅडम कुठंयत म्हणून विचारायलेत.

मला तिथंच धस्स झालं, कारण हे कुठून आलं ते माहीत होतं. आठ दिवसांपूर्वी आमच्या कामाची बातमी छापून आली होती, "सीताफळाच्या पानात सापडले कॅन्सरवर औषध", आणि ती कापून व्हॉट्सअ‍ॅपवर गावोगाव फिरत होती.

खरं काम काय होतं ते सांगते. माझी पीएचडीची विद्यार्थिनी बालाघाटच्या डोंगरातून सीताफळाची पानं आणते. चांगल्या हिरव्यागार पानाच्या आतसुद्धा बुरशी राहते, झाडाला काही त्रास न देता, तिला एंडोफाईट म्हणतात. पान ७० टक्के अल्कोहोलमध्ये, मग हायपोक्लोराईटमध्ये बुडवायचं, डिस्टिल्ड वॉटरने धुवायचं, आणि ते शेवटचं पाणीपण प्लेटवर टाकून बघायचं, त्यात काही उगवलं तर वरची घाण गेलेलीच नाही, सगळं परत करायचं. मग पानाचे तुकडे बटाट्याच्या अगारवर, म्हणजे बुरशीच्या घट्ट खाद्यावर ठेवायचे, पाच-सात दिवसांनी कडेने पांढरा कापूस बाहेर यायला लागतो. त्यातली एक बुरशी आम्ही तीन आठवडे ब्रॉथमध्ये, म्हणजे पातळ खाद्यात वाढवली, इथाइल अ‍ॅसिटेटने अर्क काढला, स्टॅफिलोकोकस नावाच्या जंतूच्या प्लेटवर खड्डा पाडून त्यात टाकला आणि दुसऱ्या दिवशी भोवती असा सुंदर झोन, जंतू मेल्याची गोल साफ जागा, पोरगी रडायचीच राहिली होती. अर्काशिवाय नुसतं सॉल्व्हंट टाकलेल्या खड्ड्याभोवती काहीच नव्हतं, म्हणजे मारणारी गोष्ट बुरशीचीच.

पुढे अर्क बाहेरच्या लॅबला पाठवला, आमच्याकडे पेशी वाढवायची सोय नाही. एमसीएफ-७ म्हणून स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी असतात, त्या मेल्या. पण सोबत ठेवलेल्या निरोगी पेशीपण जवळपास तेवढ्याच मेल्या. हे दुसरं वाक्य बातमीत नव्हतं. आणि माझ्या मते खरी बातमी तीच होती, कारण प्लेटमध्ये पेशी मारणं अवघड नाही, मीठ जास्त झालं तरी त्या मरतात. रोगाची पेशी मारून माणूस वाचवायचा असेल तर कोण मरतंय आणि कोण वाचतंय हे आधी बघावं लागतं.

तर काका आत आले. साठीच्या आसपास, पांढरा सदरा, काखेत दवाखान्याची फाईल आणि हातात पिशवी. पिशवीतून स्टीलचा डबा काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं. आत भाकरी होती, हिरवी-काळी बुरशी चढलेली, कुबट वासाचा भपकारा आला. काका म्हणले, "मॅडम, आमच्या मंडळीला छातीचा कॅन्सर हाय. बुरशीचं औषध हाय म्हणून वाचलं. पोरगा म्हणला पेन्सिलीन बी भाकरीच्या बुरशीचंच असतंय. म्हणून पाच-सहा दिस ओल्या फडक्यात ठिवली. किती द्यावी रोज, तेवढं सांगा."

मी झाकण आधी लावलं. मग विचारलं, काका, दिली का हो तुम्ही त्यांना? म्हणले, "न्हाई, इचारल्याबिगर कसं द्यावं."

माझ्या अंगावर काटा आला, अजून येतो. केमो चालू असताना पांढऱ्या पेशी इतक्या खाली जातात की आपण रोज श्वासातून घेतो ती साधी बुरशीसुद्धा फुफ्फुसात घर करू शकते. २०२१ ला म्युकर, ती काळी बुरशी, सगळ्यांनी बघितलाय, काकांच्या भावकीतल्या एकाचा डोळा त्यात गेला होता, ते त्यांनीच सांगितलं. मी म्हणलं, काका, खरिपाची ज्वारी पावसात सापडून काळी पडली तर तुम्ही ती खाता का, भुईमुगाच्या बुरसटलेल्या शेंगा बैलाला तरी घालता का? म्हणले न्हाई. त्या शेंगांवरची बुरशी अफ्लाटॉक्सिन बनवते, आणि त्याने लिव्हरचा कॅन्सर होतो. बुरशी एकच गोष्ट बनवत नाही, औषध आणि विष एकाच घरात रांधते, आणि कुठली बुरशी काय रांधते ते डोळ्यांनी कळत नाही. फ्लेमिंगना १९२८ ला पेनिसिलिन दिसलं, पण ते साफ करून माणसाला देता यायला १९४१ उजाडलं, मध्ये तेरा वर्षं गेली. भाकरीवरची बुरशी पेनिसिलिनचीच असेल असं कुणी सांगितलं?

काका गप्प बसले. मग हळूच म्हणले, "म्हंजी काहीच न्हाई का मॅडम?"

याला काय उत्तर द्यावं कळेना म्हणून मी फाईल मागितली. मी डॉक्टर नाही, हे त्यांना दोनदा सांगितलं. पण औषधाचं नाव वाचता येत होतं, पॅक्लिटॅक्सेल. मला एकदम बोलायला बळ आलं. म्हणलं काका, हे औषध झाडाचंच आहे. अमेरिकेत यू नावाचं झाड असतं, त्याच्या सालीतून हे निघालं, आणि १९७१ ला त्याची रचना ज्यांनी उलगडली त्यांच्यात एक होते मनसुख वाणी, आपल्या नंदुरबारला जन्मलेले. पेशीचे दोन भाग होताना आत जे दोरे ताणले जातात ते हे औषध घट्ट करून ठेवतं, मग पेशीला वाटणीच करता येत नाही. पुढं १९९३ ला त्याच झाडाच्या आत राहणारी बुरशी सापडली, ती पण हेच औषध बनवते असं छापून आलं, सगळं जग बुरशीच्या मागे लागलं, माझी विद्यार्थिनी आज डोंगर चढते ती पण त्याचमुळे. पण त्या बुरशीतून लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये माल निघाला, आणि बुरशी स्वतः खरंच बनवते का यावर नंतर लोकांनी शंका घेतली. तीस वर्षं झाली, दवाखान्यातलं पॅक्लिटॅक्सेल अजून बुरशीतून येत नाही. मग आमच्या तीन वर्षांच्या कामातून बाटली कुठून देऊ?

काका ऐकत होते, सगळं समजलं असेल असं नाही, पण "नंदुरबारचा माणूस" एवढं त्यांनी परत म्हणून बघितलं. आणि उठता उठता, सहज बोलल्यासारखं म्हणले, "कालपासनं अंग गरम हाय तिचं, सुई घेऊन धा दिस झाले. घरी क्रोसिन दिली."

मी त्यांना परत खाली बसवलं. केमोनंतर आठ-दहा दिवसांनी ताप म्हणजे थांबायची गोष्टच नाही, एवढं मायक्रोबायॉलॉजीच्या माणसाला माहीत असतं, शरीरात लढायला पेशीच नसतात, जंतू काही तासांत रक्तात पसरतात. फाईलवर दवाखान्याचा नंबर होता, माझ्याच फोनवरून लावला, तिकडच्या सिस्टर म्हणल्या आत्ताच्या आत्ता घेऊन या. पोराला फोन करून गाडी काढायला सांगितली. काका जिन्यावरून जवळजवळ पळतच उतरले, डबा टेबलावरच राहिला.

त्या दिवशी पुढचं काही काम झालं नाही. विद्यार्थिनीने डबा तसाच ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाने जंतू मारायच्या यंत्रात ठेवला, १२१ डिग्री, १५ पाउंड, आणि मग घासून काढला. बुडाला काकूंचं माहेरचं नाव कोरलेलं होतं, रुखवतातला असणार.

रात्री पावणेदहाला पोराचा फोन. अ‍ॅडमिट केलंय, रक्त कल्चरला पाठवलंय, अँटिबायोटिक चालू झालंय. मी म्हणलं नाव वाच बरं. तो अडखळत म्हणला, से-फे-पाईम. मी खुर्चीत बसलेच. सेफालोस्पोरिनच्या घराण्यातलं औषध. १९४५ ला इटलीत सार्डिनिया बेटावर, कालियारी गावाचं गटार समुद्राला मिळतं तिथल्या पाण्यात ब्रोत्झू नावाच्या प्राध्यापकांना एक बुरशी सापडली, तिथून हे सगळं घराणं सुरू झालं. मग इतक्या लोकांच्या हाताखालून जाऊन, बदलून, तपासून ते आज काकूंच्या सलाईनमध्ये पडत होतं. काका सकाळी जे मागायला आले होते ते रात्री त्यांना मिळालं होतं. मी पोराला म्हणलं, बाबांना सांग, हे बुरशीचंच आहे. पलीकडून त्याने ते मोठ्याने सांगितलेलं मला ऐकू आलं, आणि काका काहीतरी म्हणले ते कळलं नाही.

पाचव्या दिवशी ताप उतरला. डबा माझ्या कपाटात आहे, दिवाळीनंतर काकूच येऊन नेतील म्हणलेत.