टँकमधला सराफा
संध्याकाळी पाऊस आला आणि आमच्या इंदूरच्या राजेंद्रनगरची लाइट गेली. माशांच्या टँकमध्ये दाणे टाकले, तर एरवी झुंबड करणारे निऑन टेट्रा मासे रोपांत गप्प. त्यांचा सगळा कारभार नजरेवर. दिसलं नाही की खाणं नाही. तळाशी राहणारे कोरिडोरास मासे मात्र मिशा वाळूत खुपसत फिरायला लागले. त्यांना वास आणि स्पर्श पुरतो. आणि दिवसभर लाकडाखाली दडून बसणारा प्लेको मासा? तो पक्का इंदुरी! सोन्याचांदीची दुकानं मिटल्यावर सराफ्यात भरणाऱ्या खाऊगल्लीत जेवायला निघतो.

लाइट आली तशी धाकट्याने परत डबी उघडली. थांबवलं त्याला. माशांना पापण्या नसतात हो, अंधारातून एकदम उजेड झाला की बिचकतात. डोळे सरावायला अर्धा तास तरी द्यावा. तोवर उरलेले दाणे जाळीने काढले, नाहीतर पाणी नासतं.

आई म्हणाली, "राहू दे की रात्रभर दिवा, शोभा दिसते." नको गं, ८-१० तास पुरे, पुढे काचेवर शेवाळ धरतं. शिवाय प्लेकोची बुडणारी गोळी मी दिवा मालवल्यावरच टाकते. उजेडात टाकली तर टेट्रा आधीच टोचे मारून मोकळे.