लातूरहून फातोर्ड्याला : भारत–सिंगापूर सामन्यासाठी निघणाऱ्यांना

मडगाव, रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

भारत आणि सिंगापूर यांच्यातील आशिया चषक फुटबॉलचा पात्रता सामना परवा, मंगळवारी १४ तारखेला सायंकाळी साडेसात वाजता गोव्यात मडगावला लागून असलेल्या फातोर्ड्याच्या पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर आहे. लातूर, औसा, निलंगा या भागांतून जी मंडळी उद्या सकाळी निघणार आहेत, त्यांच्या उपयोगी पडावी म्हणून आमच्या प्रवासाची हकीकत आजच लिहीत आहे. मी आणि आमच्या शाळेच्या संघातील तीन मुले असे आम्ही चौघे काल निघालो आणि आज पहाटे येथे पोहोचलो.

गोव्याला जायचे म्हटले की आपल्याकडचे बहुतेक लोक आधी मुंबई गाठतात. त्याची गरज नाही. पहाटेच्या बसने औसा, तुळजापूरमार्गे सोलापूर, तेथून मंगळवेढा, सांगोला करत मिरज आणि मिरजेहून रात्रीची गोवा एक्स्प्रेस, असा आमचा मार्ग होता. सोलापूरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सप्टेंबरच्या अतिवृष्टीत काळे पडलेले सोयाबीन दिसत होते. आमच्या मुलांपैकी एकाच्या घरचे रानही त्यातच गेले आहे, तरीही त्याच्या वडिलांनी त्याला पाठवले, हे मी विसरणार नाही.

टायर बसल्याने आमची बस वाटेत दीड तास खोळंबली, म्हणून दुपारी चारपर्यंत मिरजेत पोहोचता येईल अशाच बेताने निघावे. दिवाळी आठवड्यावर आल्याने आरक्षण मिळणे अवघड आहे. आमचे चौघांचे भागले ते दोन बर्थवर. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असली तर मिरजेपर्यंत बाहेरच्या खाण्यावर खर्च होत नाही. आधार कार्ड मुलांचेही घ्यावे. आमच्या मुलांची कार्डे घरी राहिली होती आणि फोटो मागवून दाखवेपर्यंत लॉजच्या पायरीवर तासभर बसावे लागले.

मडगाव स्थानकाबाहेर ‘पायलट’ म्हणजे मोटारसायकलवरून भाड्याने नेणारे चालक भेटतात. एकट्या माणसाला ते सोयीचे, पण भाडे आधी ठरवावे. कदंबचे, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसचे, स्थानक मात्र स्टेडियमपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे, त्यामुळे राहण्याची सोय त्या बाजूला पाहिल्यास सामन्यानंतरच्या गर्दीत वाहन शोधावे लागणार नाही. मराठी बहुतेकांना समजते. सकाळी पोय (गोव्याचा पाव) आणि पातळ भाजी खाल्ली की दुपारपर्यंत भूक लागत नाही.

आता सामन्याविषयी, कारण इतक्या लांब यायचे ते कशासाठी, हे मुलांना मी गाडीत वहीवर मांडून दाखवले. गटातून एकच संघ २०२७ च्या सौदी अरेबियातील स्पर्धेत जाणार आहे. तीन सामन्यांनंतर हाँगकाँगचे ७, सिंगापूरचे ५, भारताचे २ आणि बांगलादेशाचा १ गुण आहे. मार्चमध्ये शिलाँगला बांगलादेशाशी गोलशून्य बरोबरी झाली, जूनमध्ये हाँगकाँगने आपल्याला १–० ने हरवले आणि गेल्या गुरुवारी सिंगापूरमध्ये रहीम अलीने ९० व्या मिनिटाला गोल केला म्हणून १–१ वर सुटलो. त्या सामन्यात उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच संदेश झिंगनला लाल कार्ड मिळाले, त्यामुळे मंगळवारी बचावफळीत तो नसेल, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोठी काळजी आहे. जिंकलो तर सिंगापूरइतकेच ५ गुण होतील आणि समान गुण असल्यास आधी आपसांतील सामने पाहिले जात असल्याने त्यांच्यापुढेही जाऊ. हरलो तर वाट बंदच होईल. खालिद जमील यांनी प्रशिक्षकपद घेतल्यानंतर सप्टेंबरमध्ये याच संघाने ताजिकिस्तानात ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला होता, म्हणून मी आशा सोडलेली नाही. निवृत्ती मागे घेऊन परतलेल्या, ९५ आंतरराष्ट्रीय गोल नावावर असलेल्या सुनील छेत्रीला मैदानात पाहण्याची संधी या मुलांना पुन्हा मिळेल की नाही, सांगता येत नाही.

दुपारी स्टेडियमला बाहेरून फेरी मारली. १७ वर्षांखालील विश्वचषकाचे सामने २०१७ मध्ये येथे झाले होते. फाटकाच्या गजांतून मैदानाचा हातभर तुकडा दिसत होता. आमचा गोलरक्षक गजांना कपाळ लावून बराच वेळ त्या हिरवळीकडे पाहत राहिला. पाठीवर लटकलेल्या त्याच्या बुटांच्या खिळ्यांत आपल्या मैदानाची काळी माती अजून वाळून बसलेली होती. एवढे सपाट गवत त्याने कधी पायाखाली घेतलेले नाही. गावात मात्र या सामन्याइतकीच चर्चा २२ तारखेला येथेच होणाऱ्या एफसी गोवा आणि सौदी अरेबियाचा क्लब अल नासर यांच्या सामन्याची आहे.

मंगळवारी साडेपाचपर्यंत फाटकाशी असावे. पाण्याची बाटली आणि पॉवरबँक सहसा आत नेऊ देत नाहीत, तेव्हा ती लॉजवरच ठेवावी. तिकीट मोबाईलवर असल्यास त्याचा स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवावा. दमट उकाडा फार आहे आणि संध्याकाळी सर येऊ शकते, म्हणून छत्रीऐवजी पातळ रेनकोट घ्यावा. सामना साडेनऊच्या सुमारास संपेल आणि परतीची गोवा एक्स्प्रेस बुधवारी दुपारची आहे, त्यामुळे मंगळवारची रात्र धरूनच खोली घ्यावी. परतताना डब्याच्या खिडकीतून उजेडात दूधसागर दिसेल. येताना तो अंधारात निघून जातो.