शिक्षा नेमकी कुणाला होते?

अमेरिकेच्या शिक्षण खात्याने 2017-18 या शालेय वर्षासाठी गोळा केलेल्या आकडेवारीनुसार सरकारी शाळांतील कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण सुमारे 15 टक्के होते. मात्र शिक्षा म्हणून काही दिवस शाळेबाहेर ठेवलेल्या मुलांत त्यांचा वाटा 38 टक्के होता. ती मुले दंगाच जास्त करत असतील, असे कुणी म्हणेल. अमेरिकेतील संशोधक रसेल स्कीबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या समजुतीलाच हात घातला. गोऱ्या मुलांना मुख्याध्यापकांकडे पाठवले जाई ते धूम्रपान, मोडतोड किंवा न विचारता निघून जाण्यासाठी, तर कृष्णवर्णीय मुलांना उद्धटपणा, फार आवाज किंवा रेंगाळणे यांसाठी. पहिल्या प्रकारची कृत्ये कुणालाही डोळ्यांनी दिसतात, पण उद्धटपणा ठरतो तो समोरच्या मोठ्या माणसाच्या मनात.

मी बीड जिल्ह्यात शिक्षक आहे आणि हे आकडे मला परके वाटत नाहीत. आपल्याकडे वंशाच्या जागी जात आणि वस्ती आहे. तांड्यावरची, पालावरची, कोयत्यावर जाणाऱ्यांची पोरं अशी नावे वर्गात पाऊल पडण्याआधीच मुलांना चिकटलेली असतात. 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी पारध्यांसारख्या जमातींवर मारलेला गुन्हेगारीचा शिक्का 1952 साली कायद्यातून पुसला गेला, तरी वर्गात कंपासपेटी हरवली की पहिले दप्तर कुणाचे उघडले जाते, हे आपण सारे जाणतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने छडी आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली आहे. परंतु व्हरांड्यात उभे करणे, मागच्या कोपऱ्यात बसवणे, ‘आईबापाला घेऊन ये’ म्हणून घरी धाडणे यांची नोंद कुठेच होत नाही, त्यामुळे ती कुणाच्या वाट्याला किती येते हेही कळत नाही.

वर्तन विश्लेषण ही शाखा इथे फार उपयोगी पडते, कारण ती मुलाच्या स्वभावाविषयी बोलत नाही. वर्तनाच्या आधी काय घडले, मुलाने नेमके काय केले आणि त्यानंतर त्याला काय मिळाले किंवा काय टळले, एवढेच ती विचारते. साध्या वहीत तीन रकाने आखले तरी काम भागते. ऊसतोडीहून मार्चमध्ये परतलेल्या एका मुलाची अशी नोंद मी ठेवली. ‘फार मस्ती करतो’ असे सगळे त्याच्याविषयी म्हणत. वहीत दिसले ते असे, की प्रकट वाचनाची पाळी त्याच्या बाकापर्यंत येऊ लागली की तो शेजाऱ्याची वही ओढायचा, बाहेर काढला जायचा आणि वाचन टळायचे. हंगामात महिनोन्महिने शाळा बुडालेल्या त्या लेकराला चारचौघांत अडखळायचे नव्हते, आणि आपण जिला शिक्षा समजत होतो ती त्याची सुटका होती. म्हणून ते वर्तन रोज पक्के होत गेले. मग उतारा त्याला आदल्या दिवशी देऊन जोडीदाराबरोबर वाचायला सांगितले, आणि अडले की हात वर करून ‘सर, मदत पाहिजे’ म्हणायला शिकवले. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी 1985 साली मांडलेली, नकोशा वर्तनाऐवजी हवे ते मागायला शिकवण्याची पद्धत ती हीच. वही ओढणे हळूहळू कमी झाले.

तरीही एवढ्यावर थांबणे मला अन्यायाचे वाटते. भेदभाव मोठ्यांच्या निर्णयात असेल आणि बदलायला मात्र लेकरालाच सांगितले, तर शास्त्राच्या नावाखाली जुनेच चालू राहील. शिक्षकाचे वागणेही वर्तनच आहे, तेव्हा त्यालाही तेच तीन रकाने लावले पाहिजेत. मुलाला बाहेर काढले की वर्ग क्षणात शांत होतो. ही शांतता शिक्षकाला मिळालेले बक्षीस असते आणि म्हणून तो पुन्हा तेच करतो. शाळेतील शिक्षांचा अभ्यास करणारे अमेरिकेतील संशोधक केंट मॅकिंटॉश आणि त्यांचे सहकारी सांगतात, की थकवा असताना, घाईत आणि कृती संदिग्ध असताना पूर्वग्रह निर्णयात शिरतो. आपल्याकडे खिचडीनंतरचा तास, दोन वर्ग एकत्र बसवलेले आणि वर कुठलीतरी माहिती तातडीने भरायची, अशी ती वेळ असते. अशा वेळी वापरायचे वाक्य आधीच ठरवून ठेवावे: ‘पाणी पिऊन ये, मग आपण बोलू.’

वहीत जात लिहू नये, असे माझे ठाम मत आहे. ती वही मुलावरचा नवा शिक्का होता कामा नये. मात्र महिनाअखेर मुख्याध्यापकांनी मुलांना बाहेर काढल्याचे एकूण आकडे, जात नोंदलेली असते त्या जनरल रजिस्टरशी ताडून पाहावेत आणि ते, नावे वगळून, शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावेत. ही बैठक ऊसतोडीच्या टोळ्या गावात असताना, पावसाळ्यात घ्यावी. म्हणजे ज्यांच्या लेकरांविषयी हे आकडे आहेत, ते आईबाप समोर बसून प्रश्न विचारू शकतील.