दोन काठ्या आणि मांद्र्याचा किनारा: नववीच्या मुलांबरोबरचा माझा अनुभव

‘आमच्या मुलांना मार्गदर्शन करा’ असं पत्र संशोधन संस्थेला धाडलं की एक व्याख्यान मिळतं आणि विषय तिथेच संपतो. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था असो की वास्कोचं ध्रुवीय संशोधन केंद्र, शास्त्रज्ञाला बोलतं करायचं तर हातात आकडे हवेत. म्हणून आम्ही आधी गोव्यातल्या मांद्र्याच्या किनाऱ्याचा उतार मोजला, पत्र मागाहून लिहिलं.

पद्धत के. ओ. एमरी या सागरी भूशास्त्रज्ञाची, १९६१ सालची. दीड मीटरच्या दोन काठ्या, टोकापासून खाली सेंटिमीटरच्या खुणा, आणि दीड मीटर दोरी. एक काठी जमिनीकडे, दुसरी समुद्राकडे, मध्ये ताणलेली दोरी: हा एक टप्पा. जमिनीकडच्या मुलाने डोळा खालीवर करत समोरच्या काठीचं टोक क्षितिजाला टेकवायचं; नजर आपल्या काठीला जिथे छेदते तो आकडा म्हणजे उतार. मध्ये चढ आला की उलट: आपल्या काठीचं टोक क्षितिजाशी जुळवून समोरच्या काठीवर वाचायचं. घोळ हमखास इथेच होतो, तेव्हा वहीत अधिक-उण्याचा वेगळा रकाना आखलेला बरा.

ओल्या वाळूत काठी रुतते. बुडाला प्लायवुडचा तुकडा ठोकावा. काठी तिरकी नको, ओळंबा लावावा. क्षितिज डोळ्याच्या पातळीपेक्षा किंचित खाली असतं, त्यामुळे दर टप्प्याला उतार सुमारे १ मिलिमीटर कमी भरतो. क्षुल्लक वाटतं, पण चूक दर वेळी एकाच दिशेची: ४० टप्प्यांत ४ सेंटिमीटर.

वेळेचं गणित जास्त त्रासाचं. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या, दिवसांत मोठी सुकती (ओहोटी) पहाटे नाहीतर संध्याकाळी येते, शाळेच्या वेळेत कधीच नाही. संध्याकाळी सूर्य नेमका डोळ्यांत. सुकती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून अमावास्येनंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची सकाळ धरली: उजेडही असतो, सूर्यही पाठीमागे. मांद्रे-मोरजीला कासवं अंडी घालतात. वनखात्याला आधी कळवायचं आणि वाळूत खुंट्या ठोकायच्या नाहीत.

शून्य बिंदू, म्हणजे मोजणी जिथून सुरू होते ती जागा: चिऱ्यांच्या पक्क्या भिंतीचा कोपरा. शॅकचा (किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या उपाहारगृहाचा) खांब मुळीच नको, पावसाळ्याआधी शॅक मोडतात. आणि मोजणीला अर्थ येतो तो मे महिन्यात एकदा आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात पुन्हा, त्याच रेषेवर मोजलं तरच: पावसाळी लाटा वाळू समुद्रात ओढून नेतात, उघाडीत ती हळूहळू परत येते. शास्त्रज्ञांचा पहिला प्रश्न शून्य बिंदूबद्दलच होता. त्याचा फोटो, मोजणीची वेळ, आलेख आणि एकच नेमका प्रश्न, पत्रासोबत एवढं एका पानावर पुरतं.

वाळूचे नमुने तीन जागचे: वाळूच्या टेकाडाचा पायथा, मधला सपाट भाग, पाण्याची कड. वरचा सेंटिमीटरभर थर, प्रत्येकी २०० ग्रॅम. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, शाई ओलीने पसरते. गोड्या पाण्यात धुऊन मीठ काढायचं, वाळवायचं. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चुंबक फिरवलं की मॅग्नेटाइट हे लोहाचं काळं खनिज चिकटतं. तरी मागे काळे कण राहतात आणि मुलं चुंबकाला दोष देतात. ते बहुधा इल्मेनाइट, लोह-टायटॅनियमचं खनिज, साध्या चुंबकाला दाद न देणारं. व्हिनेगरात बुडबुडे आले तर शिंपल्यांचा चुरा. कणांच्या आकारासाठी मात्र प्रमाणित चाळण्या लागतात, त्या शाळेत नसतात. संस्थेकडे मागायचं ते एवढंच: चाळण्यांवरचा एक तास.