परदेशी नोकरीसाठी परीक्षेआधीची तयारी

परिचर्या (नर्सिंग) महाविद्यालयात शिकवत असल्यामुळे शेवटच्या वर्षाच्या मुली माझ्याकडे ठरलेला प्रश्न घेऊन येतात : ‘मॅडम, बाहेर जायचे आहे, कोणता क्लास लावू?’ दादरपासून ठाण्यापर्यंत क्लासच्या पाट्या इतक्या दिसतात की परीक्षा हाच मोठा अडथळा वाटावा. माझे मत निराळे आहे. परीक्षेचा अभ्यास आमच्या मुली नेटाने करतात. त्यांचे महिनेच्या महिने जातात ते कागदपत्रांत, आणि त्यातही नावात.

आपल्याकडे लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. समजा, सुजाता शांताराम गावडे ही सुजाता महेश परब झाली. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, म्हणजे ‘गावडे सुजाता शांताराम’. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी माहेरच्या नावाने. पासपोर्ट सासरच्या नावाने. आणि अनुभवाच्या दाखल्यावर रुग्णालयातल्या लेखनिकाने घाईत टंकलेले ‘सुजाता एस. परब’. आखाती देशांसाठी डेटाफ्लो ही संस्था प्रत्येक कागद तो देणाऱ्या संस्थेकडूनच पडताळून घेते, आणि तेथे हा ‘एस.’ कोणाचा, हे कागदानेच सिद्ध करावे लागते. म्हणून विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र, राजपत्रातील नावबदलाची नोंद आणि परिषदेच्या नोंदणीतील दुरुस्ती ही तिन्ही कामे अर्ज भरण्यापूर्वीच उरकावीत. (लग्नानंतर नाव बदलणे कायद्याने बंधनकारक नाही, हेही घरी एकदा सांगून पाहावे.)

दुसरी दिरंगाई ट्रान्सक्रिप्टची, म्हणजे शिक्षणाच्या तपशीलवार अधिकृत उताऱ्याची. अमेरिकेसाठी शैक्षणिक मूल्यमापन करणारी ट्रूमेरिट (पूर्वीची सीजीएफएनएस) ही संस्था उमेदवाराने स्वतः पाठवलेल्या प्रती ग्राह्य धरत नाही. त्या शिक्षणसंस्थेकडून थेट जाव्या लागतात, आणि परिषदेकडील नोंदणीची पडताळणीही तशीच. त्यांत नुसते गुण नव्हे, तर बालरोग, प्रसूती, मानसोपचार अशा विषयांचे वर्गातले आणि वॉर्डातले तासही पाहिले जातात. म्हणून प्रात्यक्षिकांच्या नोंदवह्या पदवी हाती आली की रद्दीत घालू नयेत.

परीक्षांविषयी थोडक्यात. ब्रिटनमध्ये परिचारिकांची नोंदणी करणाऱ्या एनएमसी या संस्थेसाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन, श्रवण व संभाषणात ७ आणि लेखनात ६.५, किंवा ओईटी या आरोग्यसेवकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेत पहिल्या तिन्हींत बी आणि लेखनात सी प्लस लागते. त्यानंतर सीबीटी ही संगणकावरील व्यावसायिक ज्ञानाची परीक्षा येथेच देता येते, तर ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा तेथे जाऊन द्यावी लागते. सीबीटीचा एक भाग निव्वळ आकडेमोडीचा आहे : औषधाची मात्रा, सलाइनच्या थेंबांचा वेग. वॉर्डात रोज हेच करणाऱ्या मुली कागदावर मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅममध्ये अडखळतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. अमेरिकेची एनक्लेक्स आरएन ही परिचारिकेच्या परवान्याची परीक्षा मुंबईतही देता येते; ८५ ते १५० प्रश्न, अवधी पाच तास. मात्र ती उत्तीर्ण झाल्यावरही भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डची (कायम वास्तव्याच्या परवान्याची) रांग वर्षानुवर्षांची असते, हे क्लासवाले क्वचितच सांगतात. जर्मनीसाठी साधारणपणे बी टू पातळीचे जर्मन हवे, आणि शिक्षणात तफावत आढळल्यास ज्ञानचाचणी किंवा तेथील प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. नोकरी करून भाषा शिकणाऱ्या मुलीने त्यासाठी वर्षभराहून अधिक काळ हाताशी ठेवावा, असे माझे सांगणे असते.

एजंटाविषयी मात्र मी कठोर आहे. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली त्याची नोंदणी असलीच पाहिजे, आणि ती सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. उमेदवाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी इतकी आहे. ब्रिटनच्या आचारसंहितेनुसार तर नोकरी मिळवून देण्याचे पैसे परिचारिकेकडून घेताच येत नाहीत. सौदी अरेबिया, कुवेत यांसह ठरावीक १८ देशांत जाणाऱ्या परिचारिकेला २०१५ पासून ई-मायग्रेटद्वारे परवानगी घ्यावी लागते, मग पासपोर्ट ईसीएनआर प्रकारचा, म्हणजे एरवी अशी परवानगी न लागणारा, असला तरी. ‘व्हिजिट व्हिसावर चला, तिथे बदलून घेऊ’ असे कोणी म्हणाल्यास आपली मूळ प्रमाणपत्रे परत मागून घ्यावीत आणि त्याच दिवशी घरी यावे.