ओम्नीचा मागचा एक्सल आणि अण्णांचा तळहात

रविवार, रात्रीचे साडेदहा. नखांत अजून काळं ग्रीस आहे, दोनदा डिझेलने हात धुतले तरी जात नाहीये, पण झोपायच्या आधी लिहून ठेवायचंच होतं. आज आमच्या ओम्नीचा मागचा एक्सल घरच्या अंगणात बदलला.

आंब्याच्या पेट्या, वऱ्हाड, आजीचा दवाखाना, सगळं याच गाडीने केलंय. गेल्या मे महिन्यापासून चाळीसच्या वर गेली की मागून घूं असा आवाज यायचा आणि ॲक्सिलेटर सोडला की आवाज बदलायचा. अण्णांना आता फार कमी ऐकू येतं, तरी सगळ्यात आधी त्यांनीच पकडलं. मागच्या सीटवर बसून वाकून फ्लोअरवर तळहात टेकवला आणि म्हणाले, "कॅरिअर गेलाय रे, दात खाल्लेत." कॅरिअर म्हणजे एक्सलच्या मधला, इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारा गिअरचा डबा. ड्रेन प्लग काढला तर ऑईलमधे चंदेरी चुरा, बोटांत घासला की चमचमत होता.

गॅरेजमधे म्हणाले, आता भंगारात द्या. मला ते पटलंच नाही. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत राहूनही गाडीचा खालचा पत्रा शाबूत आहे, कारण अण्णा दर पावसाळ्याआधी खाली झोपून जुनं ऑईल मारत आलेत. अशी गाडी भंगारात कशी द्यायची?

मग कोल्हापुरात एका जुन्या स्पेअरवाल्याकडे आख्खा एक्सल मिळाला. घ्यायच्या आधी एक चाक धरून ठेवून दुसरं दोनदा फिरवलं आणि एक्सलच्या मधल्या फ्लँजच्या (शाफ्ट जोडायच्या चकतीच्या) फेऱ्या मोजल्या, घरी आमच्या गाडीवर तसंच करून आकडा लिहून नेला होता. रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या किती फेऱ्या, जुळला, मग मित्राच्या टेम्पोत टाकून आंबा घाटातून खाली आणला.

सकाळी सातला सुरुवात. मी टेकूला चिरे घ्यायला निघालो तर अण्णा ओरडलेच, "चिरा नको! जांभा कधी फुटेल सांगता येत नाही, खाली तू असणारेस." मग शेजारून दोन स्टँड आणले, चेसीखाली लावले, गाडी सरकू नये म्हणून पुढच्या चाकांना लाकडाची उटी दिली. प्रॉपेलर शाफ्ट (इंजिनाकडून एक्सलला फिरवणारा लांब दांडा) सोडण्याआधी दोन्ही फ्लँजवर पंचने खूण केली, म्हणजे परत तसाच बसेल. हँडब्रेकची केबल, ब्रेकचा होज, शॉकअपचे खालचे बोल्ट हे सगळं पटापट निघालं. एक्सलला पाट्यांशी (स्प्रिंगच्या पट्ट्यांशी) बांधणाऱ्या यू बोल्टच्या नटांनी मात्र अडीच तास खाल्ले. रात्रभर गंजाचं ऑईल मारून ठेवलं होतं तरी हलेनात, शेवटी पान्याला पाइप लावून तिघांनी जोर काढला तेव्हा कडाक् करून सुटले.

जुना एक्सल जमिनीवर आला तेव्हा अण्णा खुर्चीवरून उठून जवळ आले आणि त्याच्यावरून हात फिरवला, काही बोलले नाहीत. मीही थोडा वेळ गप्प बसलो.

नवीन चढवताना पाट्याच्या सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या भोकात बसेना. केसभर इकडे, केसभर तिकडे, जॅक खालीवर, असं अर्धा तास. ते नीट बसलं नाही तर एक्सल तिरका राहतो आणि गाडी तिरकी पळते, म्हणून घाई केलीच नाही. यू बोल्ट नवे घातले, ताणलेले परत वापरू नयेत. शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उतरवून, आलटून पालटून. ऑईल फिलरच्या भोकातून ओघळेपर्यंत भरलं.

ब्रेकच्या नळीतली हवा काढताना पेडलवर अण्णाच बसले. मी खालून "दाबा", "धरा" ओरडतोय आणि त्यांना ऐकूच येत नाहीये. मग आई खिडकीशी उभी राहिली, मी ओरडलो की ती त्यांच्या खांद्यावर थोपटायची, एकदा म्हणजे दाबा, दोनदा म्हणजे धरून ठेवा. दहा मिनिटांत बुडबुडे थांबले.

संध्याकाळी भाट्याच्या पुलापर्यंत गेलो. अण्णा मागे बसले होते, वाकून, तळहात फ्लोअरवर. मी चाळीस, मग पन्नास, मग साठ केली आणि आरशात त्यांच्याकडेच बघत होतो. पूल अर्धा झाल्यावर त्यांनी हात उचलला, पँटला पुसला, काच सरकवली आणि खाडीकडे बघत म्हणाले, "शंभर किलोमीटर झाले की यू बोल्ट परत आवळ. विसरू नकोस."