तुम्ही विचारलंत म्हणून: सर्व्हर दुपारी रांगतो आणि मग आपोआप रीस्टार्ट का होतो?

एप्रिल लागला की नागपुरात हा प्रश्न हमखास येतो. इतवारीतली होलसेलची पेढी असो, रामदासपेठेतलं हॉस्पिटल असो की हिंगणा एमआयडीसीतलं युनिट, तक्रार एकच: सकाळी सगळं सुरळीत, दुपारी एक बिल उघडायला दोन मिनिटं, आणि मध्येच सर्व्हर बसतो. त्याला जोडून दुसरा प्रश्न: फॉरमॅट मारू की रॅम वाढवू?

आत्ता दोन्ही नको. फॉरमॅट मारला की लॉग पुसला जातो, आणि कारण सापडायची जागा तीच असते.

आधी एवढंच विचारा, सर्व्हर बंद पडून बंदच राहिला की स्वतःहून उठला? प्रोसेसर मर्यादेपलीकडे तापला तर तो स्वतःला वाचवायला वीज तोडतो, आणि बहुतेक बोर्डांवर कोणी बटण दाबेपर्यंत मशीन तसंच पडून राहतं. स्वतःहून उठत असेल तर संशय दुसरीकडे जातो: ब्लू स्क्रीननंतरचा ऑटो रीस्टार्ट, वॉचडॉग (मशीन अडकलं की ते रीस्टार्ट करणारी सोय), रॅमची किंवा प्रोसेसरची चूक, नाहीतर सरळ क्षणभर गेलेली वीज. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर चालू व्हायची सेटिंग असली की शेवटचा प्रकार हुबेहूब रीस्टार्टसारखा दिसतो.

आता लॉग. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर, सिस्टीम. ४१ नंबरचा कर्नल-पॉवर इव्हेंट दिसला की लोक लगेच पॉवर सप्लाय बदलायला धावतात. त्या इव्हेंटचा अर्थ फक्त एवढाच की मशीन नीट शटडाऊन झालं नव्हतं. त्याच्या डिटेल्समधला बगचेक कोड, म्हणजे ब्लू स्क्रीनचा नंबर, बघा. शून्य असेल तर विंडोजला काही लिहायला वेळच मिळाला नाही, म्हणजे बहुधा वीज किंवा हार्डवेअर. शून्य नसेल तर ब्लू स्क्रीन आहे, क्रॅशच्या नोंदींचं मिनीडंप फोल्डर उघडा. आणि १०७४ दिसला तर शोध तिथेच संपला: कोणीतरी किंवा एखाद्या अपडेटने रीतसर रीस्टार्ट केलंय. लिनक्सवर जर्नलमध्ये, म्हणजे तिथल्या सिस्टीम लॉगमध्ये, मागच्या बूटच्या शेवटच्या पन्नासेक ओळी वाचा. नोंदी वाक्य तोडल्यासारख्या अचानक थांबल्या असतील तर वीज किंवा हार्डवेअर. ‘आउट ऑफ मेमरी’ दिसलं तर रॅम पुरली नाही. जर्नल डिस्कवर साठवायची सोय चालू नसेल तर मागचं काहीच मिळणार नाही, ती आजच चालू करा. डेलचं आयड्रॅक किंवा एचपीचं आयएलओ (सर्व्हरवर लक्ष ठेवणारी बोर्डावरची वेगळी चिप) असेल तर तिथला हार्डवेअर लॉग वेगळा राहतो, फॉरमॅटनंतरही. फक्त त्याचं घड्याळ बरोबर आहे का ते आधी तपासा, बऱ्याचदा नसतं.

दुपारीच रांगत असेल तर पहिला संशय उष्णतेवर. मे महिन्यात बाहेर पारा कधीकधी ४५ च्या वर जातो. सर्व्हरच्या तोंडाशी हवा १८ ते २७ अंशांची असावी. बऱ्याचशा मशीनची वरची मर्यादा ३५ असते. एसी नाही म्हणून काही ठिकाणी सर्व्हरसमोर पाण्याचा कूलर लावतात. तो लावू नका. ओलसर हवेत धूळ चिकटते आणि बोअरच्या पाण्यातला क्षार आत जाऊन बसतो.

अंदाजावर जाऊ नका, तापमान आणि क्लॉक स्पीड (प्रोसेसरचा वेग) एकत्र बघा. प्रोसेसर ९५ च्या पुढे आणि क्लॉक साडेतीन गिगाहर्ट्झवरून एकवर उतरलाय, असं दिसलं तर तो तापला म्हणून स्वतःच हळू होतोय. रॅम कितीही वाढवा, फरक पडणार नाही. उलट मशीन रांगत असताना तापमान ५५ आणि क्लॉक पूर्ण असेल तर उष्णता सोडा, डिस्ककडे वळा.

साफ करताना दोन्ही पॉवर केबल काढा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते उलटसुलट भन्नाट फिरून बेअरिंग जातं. वरून स्वच्छ दिसलं तरी प्रोसेसरवरच्या पंख्याचे चार स्क्रू काढून तो उचला. खाली, पंखा आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये, धुळीचा नमदा बसलेला असतो. हवा तिथेच अडते. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपाईल अल्कोहोलने पुसा. नवी किती लावायची ते प्रोसेसरच्या आकारावर: साध्या डेस्कटॉप प्रोसेसरला तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढी पुरते, मोठ्या सर्व्हर प्रोसेसरला जास्त. हीटसिंकचे स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. प्लास्टिकची हवेची कमान परत बसवायला विसरू नका. ती नसेल तर पंखे गरगरतात आणि हवा हीटसिंकला बगल देऊन जाते.

डिस्कवर बघायचं ते स्मार्टमधले (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदींमधले) ५ आणि १९७ नंबरचे आकडे, म्हणजे खराब आणि संशयित सेक्टर. वाढत असतील तर आज बॅकअप, उद्या डिस्क. १९९, म्हणजे केबलवरच्या चुकांचा आकडा, वाढत असेल तर आधी केबल बदला. रेड (RAID) कार्ड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड, असेल तर त्याच्या कॅशेची (तात्पुरत्या मेमरीची) बॅटरी तपासाच. ती गेली की कार्ड राईट-बॅक (आधी कॅशेत, मग डिस्कवर) सोडून राईट-थ्रूवर (थेट डिस्कवर) येतं, लिहिणं एकदम मंदावतं, आणि विंडोज त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. बॅटरी बदला. बॅटरीशिवाय जबरदस्तीने राईट-बॅक चालू केलं आणि लाईट गेली, तर कॅशेमधल्या नोंदी गेल्या.

रॅमसाठी रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवा. एकही चूक चालत नाही. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस प्रोग्रॅमला मर्यादा घातली नसेल तर तो जवळपास सगळी रॅम घेऊन बसतो. १६ जीबीच्या मशीनवर त्याला १० ते ११ जीबी द्या.

राहिला यूपीएस. त्याची लेड-अ‍ॅसिड बॅटरी २५ अंशांच्या हिशोबाने बनवलेली असते, आणि दर दहाएक अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं. टेबलाखालच्या बंद कोपऱ्यात ठेवलेली बॅटरी इथे दोन उन्हाळ्यांत दम तोडते. दिवा मात्र हिरवाच दाखवतो. सर्व्हर लावून तपासू नका. रविवारी सर्व्हर रीतसर बंद करून यूपीएसवर २०० वॅटचा बल्ब लावा आणि भिंतीचा स्विच बंद करा. बल्ब क्षणभर विझला, किंवा बॅटरीच्या टोकांवर १२ व्होल्टची बॅटरी एक-दोन मिनिटांत साडेदहाच्या खाली आली, तर संच बदला. एकच बॅटरी बदलू नका, जुन्या बाकीच्या तिलाही खाली ओढतात.